प्रत्येक पाजणीनंतर बाळ दूध टाकतंय, थेंब द्यायचे का?

मलप्रभेची_लेक · रविवार, रात्री १:१०

बाळ खांद्यावर झोपलंय, एका हातानं लिहितेय. चुका पोटात घाला.

मुलगा दहा आठवड्यांचा झाला. पहिलंच बाळ. मी माहेरी, खानापूर तालुक्यात आहे. नवरा बेळगावात, शनिवार-रविवार येतो. बाळ फक्त अंगावर पितं. तिसऱ्या आठवड्यापासून दर पाजणीनंतर दूध टाकतंय. कधी गुळणीभर, कधी एवढं की साडी खांद्यापासून निऱ्यांपर्यंत ओली. कधी लगेच टाकतं, कधी तासाभरानं, मग ते फुटलेल्या दुधासारखं असतं आणि आंबूस वास येतो. रोज बारा-पंधरा दुपटी निघतात. इकडच्या पावसात दोरीवर एकही सुकत नाही. आई शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर वाळवते. सगळ्या घराला त्या दुपट्यांचा वास लागलाय.

सासूबाई म्हणतात, "तुझं दूध पातळ आहे, अंगी लागत नाही. वरचं सुरू कर." आई म्हणते दृष्ट लागली. शेजारच्या काकी घुटी द्या म्हणतात. गेल्या आठवड्यात एका डॉक्टरांना दाखवलं. दोन मिनिटं बघून "सगळ्या पोरांना असतं" म्हणाले आणि पोटातलं आम्ल कमी करायचे थेंब लिहून दिले. सगळ्यांना असतं तर औषध कशाला, हे विचारायचं राहूनच गेलं. बाटली फडताळात आहे, अजून फोडली नाही.

देऊ का? आणि दूध अंगी लागतंय की नाही, हे घरात कसं कळतं?

तिलकवाडीची_आई · सोमवार, सकाळी ७:०५

अगं, घाबरू नकोस. माझ्या थोरलीनं नऊ महिने हेच केलं. पाहुण्याच्या हातात तिला देण्याआधी आम्ही टॉवेल द्यायचो. दिराच्या साखरपुड्यात माझ्या शालूवर, नंतर नणंदेच्या शालूवर, आणि शेवटी भटजींच्या उपरण्यावर! आता सहावीत आहे, माझ्या खांद्याला लागते. सगळ्यांचं थांबतं, तुझंही थांबेल.

चिकोडी_मास्तर · सोमवार, सकाळी ८:२०

आमच्या घरी पाच पिढ्या बाळाला घुटी देतात. वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, सुंठ, जायफळ, प्रत्येकाचे एक-दोन वेढे सहाणेवर, आईच्याच दुधात. वर बोटभर मध. आईनं कुणाला थेंब दिले नाहीत आणि कुणी दवाखान्याची पायरी चढलं नाही. हल्ली दूध टाकलं की रोग म्हणतात.

परिचारिका_काकू · सोमवार, सकाळी १०:४५

बाळ, मी ३१ वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काढली, आता निवृत्त आहे. थोडं सविस्तर लिहिते.

अन्ननलिका जिथं जठराला मिळते तिथं स्नायूंचं एक कडं असतं. पानाच्या चंचीची नाडी जशी, तसं. घास खाली गेला की ते आवळून बसतं. मोठ्यांचंही मधूनमधून सैल होतं, म्हणून तर ढेकर येतो. तान्ह्याचं घडीघडीला सैल होतं. त्यात त्याची अन्ननलिका आखूड, जेवण सगळं पातळ, आणि ते दिवसभर आडवं. दूध वर येणारच. चार महिन्यांच्या सुमाराला हे सगळ्यात जास्त असतं. त्या वयाच्या दर तीन बाळांत दोन बाळं दिवसातून एकदा तरी टाकतात. पुढं बसायला लागलं, घट्ट खायला लागलं की ओसरत जातं, आणि वर्षाचं होईतो बहुतेकांचं थांबतं.

आणि "दूध पातळ" ही बोलायची रीत आहे. सुरुवातीचं दूध पातळ दिसतं, मागून दाट येतं, दोन्ही बाळाला लागतं.

आता एक कर. दोन चमचे पाणी मोजून कोरड्या दुपट्यावर ओत. केवढा डाग पसरतो बघ. आम्ही वॉर्डात घाबरलेल्या आयांना हेच करून दाखवायचो. वाटीभर टाकलं म्हणून रडणाऱ्या आईला तो डाग बघून धीर यायचा.

पण तुझ्या सगळ्या मजकुरात एक आकडा नाही, आणि मला तोच हवा. बाळाचं वजन किती? जन्माचं आणि आजचं. मग मला हे सांग: दिवसात ओले लंगोट किती? टाकताना दूध ओघळतं की जोरात फेकलं जातं? टाकल्यावर बाळ हसतं-खेळतं की पाठ ताठ करून किंचाळतं? आणि रंग कसा, पांढरा की पिवळा-हिरवा?

गोकाकचा_मामा · सोमवार, दुपारी १:३०

तिलकवाडीच्या ताई, राग मानू नका, पण "सगळ्यांचं थांबतं" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. आमचा भाचा या वाक्यापायी जाता जाता राहिला.

बहिणीचा पहिला मुलगा. चार आठवडे छान होता. पाचव्या आठवड्यात दूध टाकायला लागला. घरातले म्हणाले सगळी पोरं टाकतात. जवळच्या दवाखान्यातही तेच सांगितलं, ढेकर काढा, जाईल. पण हे टाकणं वेगळं होतं. मी मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि दूध तोंडातून सुटलं ते थेट समोरच्या भिंतीवर. हातभर लांब. कॅलेंडरवरून खाली ओघळताना मी डोळ्यानं बघितलं. आणि उलटी झाल्या झाल्या पोर पुन्हा भुकेनं तोंड उघडायचं. आम्हाला वाटायचं, भूक आहे म्हणजे बरं आहे.

सहाव्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत लंगोट कोरडा. टाळू खोल गेलेली, गाल बसलेले. बेळगावच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. सोनोग्राफीत कळलं की जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड होऊन वाटच बंद झाली होती. दूध पुढं सरकणार कसं? डॉक्टर म्हणाले, तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात हे दिसायला लागतं, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त, आणि त्यातही पहिल्या मुलग्यात. आधी सलाइन लावून रक्तातले क्षार ठीक केले, मग ऑपरेशन. तो जाड स्नायू फक्त चिरतात, काढत नाहीत. १९१२ सालापासून हीच पद्धत आहे म्हणे. दुसऱ्या दिवशी पोर दूध प्यायला लागलं. आता तालुक्याला कबड्डी खेळतो.

म्हणून काकूंनी विचारलंय त्याचं उत्तर आधी दे गं ताई. ओघळतं की फेकलं जातं?

तिलकवाडीची_आई · सोमवार, दुपारी २:१०

मामा, राग कसला. तुमचं वाचून अंगावर काटा आला. मी माझ्या लेकीवरून सगळ्या जगाचं सांगून मोकळी झाले. पुन्हा असं लिहिणार नाही.

मलप्रभेची_लेक · सोमवार, दुपारी ४:००

मामांचं वाचून हातपाय गार पडले. आत्ता मुद्दाम बघितलं. ओघळतं. फार झालं तर छातीपर्यंत. पांढरंच असतं. टाकून झालं की हसतो, माझ्याकडे बघून हुंकार देतो. ओले लंगोट सात-आठ तरी. जन्माचं वजन २ किलो ९००. आजचं माहीत नाही. दीड महिन्याच्या लसीला केलं होतं, पण ताई कार्डावर, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या आई-बाळाच्या कार्डावर, लिहिलंय ते कन्नडमध्ये, आम्हाला घरात कुणाला वाचता येत नाही.

खडेबाजार_कट्टा · सोमवार, सायंकाळी ६:१५

हेच ते! बाळाचं कार्ड आईला वाचता येऊ नये? दवाखान्याची पाटी, औषधाची चिठ्ठी, बसचा बोर्ड, सगळीकडे तेच. इतकी वर्षं झाली भांडतोय आपण...

रामदेव_गल्ली · सोमवार, सायंकाळी ६:४०

बरोबर आहे तुमचं, पण आत्ता बाळाचं बोलूया.

खडेबाजार_कट्टा · सोमवार, सायंकाळी ६:४८

बाळाचंच बोलतोय की ओ! औषध किती द्यायचं ते वाचता येत नाही, हा बाळाचाच प्रश्न आहे.

हुक्केरीची_अक्का · सोमवार, रात्री ८:०५

दोघांचंही खरं आहे. माझं सासर कन्नड, माहेर मराठी, म्हणून उपयोगाचं चार शब्द देते. 'तूक' म्हणजे वजन, कार्डावर तोच शब्द शोध. आकडे इंग्रजी असतात, त्यामुळे तूक सापडलं की काम झालं. 'हाल' म्हणजे दूध. 'वांती' म्हणजे वांतीच, तेवढं देवानं एक ठेवलंय. 'ज्वर' म्हणजे ताप. 'कूसु हाल कक्कतैति' म्हणजे बाळ दूध टाकतंय. आणि एक शब्द पाठच कर, 'हसिरु', हिरवा. रात्री नर्सला "हसिरु वांती" एवढं म्हणालीस तरी ती धावत येईल.

फोटो काढून पाठव, मी वाचून सांगते.

परिचारिका_काकू · सोमवार, रात्री ९:३०

अक्का, फार कामाचं लिहिलंत. हिरव्या उलटीला सकाळची वाट बघायची नसते. आतड्याला पीळ पडलेला असू शकतो, तिथं तासांचा हिशेब असतो.

मलप्रभे, तुझी उत्तरं वाचून मला बरं वाटलं. ओघळतं, पांढरं, हसतं, लंगोट ओले. तरी वजन कर. अंगणवाडीत काटा असतो, आशाताईला सांग. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम चढतं. त्यावरून तूच हिशेब कर.

कधी थांबायचं नाही तेही लिहून ठेवते. हिरवी किंवा रक्ताची उलटी. मामांनी सांगितली तशी पिचकारी, एकदा नाही, परत परत. वजन न चढणं. पिताना रडून तोंड फिरवणं. पोट फुगून कडक. ताप. सुस्ती. लंगोट कोरडा. आणि दूध टाकणं सहा महिन्यांनंतर पहिल्यांदा सुरू झालं किंवा वर्षानंतरही थांबलं नाही तरी दाखवायचं.

औषधवाला_अथणी · सोमवार, रात्री १०:२०

वीस वर्षं काउंटरवर उभा आहे. थेंबांच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही म्हणून लिहितो.

आम्ल कमी करणारं औषध दूध वर येणं थांबवत नाही. दूध तितकंच येतं, फक्त आंबट कमी असतं. हे समजलं की अर्ध्या घरांतली बाटली फडताळातच राहील. अमेरिका आणि युरोपातल्या मुलांच्या पोटविकार तज्ज्ञांच्या संस्थांनी २०१८ साली एकत्र मार्गदर्शन छापलं. त्यात स्पष्ट आहे की बाकी ठणठणीत असलेल्या तान्ह्याचं नुसतं रडणं किंवा दूध टाकणं यासाठी ही औषधं देऊ नयेत. पोटातलं आम्ल जंतू मारायला असतं. ते कमी केलं की जुलाब आणि छातीच्या संसर्गाचा धोका वाढतो.

आणखी दोन नावं सांगतो. रॅनिटिडिन एकेकाळी आमच्याकडे पाण्यासारखं खपायचं. त्यात कर्करोगाची शंका असलेला घटक सापडल्यावर अमेरिकेत २०२० च्या एप्रिलमध्ये ते बाजारातून काढायला लावलं, आणि आपल्याकडच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून २०२२ साली वगळलं. दुसरं डॉम्पेरिडोन. "उलटीचे थेंब द्या" म्हणून लोक चिठ्ठीशिवाय मागतात. त्यानं हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून युरोपनं २०१४ सालीच त्यावर बंधनं आणली. मी तान्ह्यासाठी चिठ्ठीशिवाय देत नाही. लोक रागावून पलीकडच्या दुकानात जातात. जाऊ देत.

पण ज्याच्या अन्ननलिकेला खरंच जखम झालीय, किंवा ज्याच्या मेंदूला-स्नायूंना त्रास आहे, अशा मुलाला ही औषधं लागतात. डॉक्टर साधारण चार ते आठ आठवडे देऊन परत बघतात. कुणाची चालू असतील तर माझं वाचून बंद करू नका. मलप्रभेच्या ताई, बाटली घेऊन परत जावा आणि सरळ विचारा, "हे नक्की कशासाठी?"

निपाणीची_सून · मंगळवार, सकाळी ६:५०

एक गोष्ट कुणी बोललं नाही, कारण ती आपल्याकडे सगळ्यांच्या घरात असते. तंबाखू.

आमच्या गावात वखारी, आमच्या घरात विड्या. सासरे ओसरीवर ओढायचे, सासूबाई चुलीपुढं बसून मिश्री लावायच्या आणि त्याच बोटानं बाळाच्या हिरड्या चोळायच्या. माझी मुलगी दूध टाकायची, त्यावर खोकायची, रात्रभर किरकिर. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, घरात कोण ओढतं? तंबाखूनं तेच कडं आणखी सैल पडतं, बाळ स्वतः ओढत नसलं तरी धूर त्याच्या छातीत जातो. आणि आईच मिश्री लावत असेल तर ते दुधातूनही उतरतं.

सासऱ्यांना सांगायला मला आठ दिवस लागले. सांगितलं त्या दिवसापासून ते विडी घेऊन गोठ्याकडे जायला लागले, पावसातसुद्धा. सासूबाईंचं सुटायला वेळ लागला, पण बाळाला घ्यायच्या आधी हात धुवायला लागल्या. आणि न्हाऊ घातल्यावरची धुरी, ती पण बंद केली. ओवा-वेखंड असलं तरी धूर तो धूर.

चिकोडी_मास्तर · मंगळवार, सकाळी ९:००

धुरी पण बंद, घुटी पण बंद. मग बाळंतपण म्हणजे राहिलं काय? मी पुन्हा सांगतो, आमच्या घरात कुणाला काही झालं नाही.

परिचारिका_काकू · मंगळवार, सकाळी ११:१५

मास्तर, तुमच्या आईंनी प्रेमानं आणि स्वच्छ हातानं दिली असणार, त्याबद्दल शंका नाही. पण मी वॉर्डात जायफळ जास्त झाल्यानं गुंगलेली, हलवून जागी न होणारी पोरं बघितली आहेत. किती वेढे, हे हातावर असतं, आणि प्रत्येक हात सारखा नसतो. सहाण ओलसर राहते, कोपऱ्यात बुरशी धरते. सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा लागत नाही. आणि मध मात्र वर्षाच्या आत बोटभरसुद्धा नको, याला अपवाद नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना काही होत नाही, तान्ह्याच्या आतड्यात ते विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं.

बाळंतपणातलं राहिलं काय म्हणता? तेलाचं हलकं मालिश, उबदार पाणी, अंगाई, आणि आईला तूप-भात. हे सगळं राहू दे. ग्राइप वॉटरबद्दल कुणी विचारायच्या आत सांगते, १८५१ साली इंग्लंडात ते निघालं तेव्हा त्यात दारू असायची, म्हणून पोरं गप झोपायची. दूध टाकण्यावर त्याचाही उपयोग नाही.

चिकोडी_मास्तर · मंगळवार, सकाळी ११:४०

मधाचं मान्य. सुनेला आजच सांगतो. घुटीचं मला पटलेलं नाही, पण जायफळाचं ऐकून ठेवतो.

जांबोटीचं_रान · मंगळवार, दुपारी ३:२०

घुटीवरून वाद चाललाय, मी त्याहून वाईट सांगतो.

माझ्या थोरल्या भावाच्या बेंबीभोवती चार गोल डाग आहेत. तीन महिन्यांचा असताना दूध टाकायचा, पोट फुगायचं. गावातल्या एका म्हातारीनं काकणाचा तुकडा तापवून चार ठिकाणी टेकवला. आईनं पाय धरले होते. डाग दिला चौथ्या महिन्यात, दूध टाकायचं थांबलं अकराव्या महिन्यात. तरी गावात म्हणायचे, डागामुळं थांबलं. दादा आज पन्नाशीचा आहे. आम्ही सगळे नदीवर पोहायला शिकलो, तो कधी सदरा काढून पाण्यात उतरला नाही. आई नव्वदीकडे झुकली आहे. तान्हं पोर रडलं की अजून उठून बाहेर जाऊन बसते.

कुणी डाग द्यायला सुचवलं तर बाळ उचला आणि तिथून निघा.

शहापूरचा_माग · मंगळवार, सायंकाळी ५:१०

काय लिहावं कळत नाही वरचं वाचून.

माझा अनुभव वेगळा आहे. माझा मुलगा दूध टाकायचाच, पण शी चिकट, त्यात रक्ताची बारीक रेघ, आणि गालावर-कोपरात लाल खरखरीत चट्टे. पिताना मध्येच ओरडायचा. दोन ठिकाणी "रिफ्लक्स", म्हणजे पोटातलं वर येतंय, म्हणून औषध झालं. तिसऱ्या डॉक्टरांनी माझंच ताट विचारलं. बाळंतीण म्हणून मी रोज लिटरभर गाईचं दूध, वर खवा, वर कुंदा खात होते. बाळाला गाईच्या दुधातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी होती, ते माझ्या दुधातून त्याला जात होतं. चार आठवडे दूध, दही, ताक, पनीर, खवा सगळं बंद. दोन आठवड्यांत रक्त थांबलं, तिसऱ्यात पोर शांत. मग डॉक्टरांनी सांगून पुन्हा दूध घ्यायला लावलं, खात्री करायला. दोन दिवसांत चट्टे परत. तेव्हा पक्कं झालं. चुन्यासाठी, म्हणजे कॅल्शियमसाठी, नाचणीची भाकरी आणि तीळ खाल्ले. अंगावर पाजणं मात्र बंद केलं नाही. आता तो दोन वर्षांचा आहे, दही चालतं.

बाळ नुसतं टाकत असेल तर हे करत बसू नका. मी बाळंतपणात भाकरी-चटणीवर कसे दिवस काढले ते माझं मला माहीत.

मिरचीवाला_संकेश्वर · मंगळवार, रात्री ९:४५

मोठ्या मुलांचं इथं चालेल का? लेक नऊ वर्षांची. सकाळी उठल्यावर तोंडात आंबट पाणी, छातीच्या मध्ये जळजळ, आणि महिनाभर कोरडा खोकला. खोकल्याची तीन औषधं झाली. शेवटी एका डॉक्टरांनी तिलाच विचारलं, "जेवतेस कधी?" आमचं दुकान नवाला बंद होतं, मग दहाला सगळे मिळून जेवायचो आणि ती ताटावरूनच अंथरुणात. मधल्या वेळेला चहा-खारी, आणि ठेच्याशिवाय घास उतरत नाही. संकेश्वरची मिरची आहे शेवटी.

आता ती आजीबरोबर साडेसातला जेवते. चहा बंद. उशाकडचा पलंग विटा लावून थोडा उंच केलाय. सहा आठवडे गोळी दिली. खोकला गेला. वाईट एवढंच वाटतं की रात्रीचं एकत्र जेवण गेलं. म्हणून आता सकाळचा नाश्ता सगळे एकत्र करतो.

रामदेव_गल्ली · मंगळवार, रात्री १०:०५

मिरचीवाले, उशाकडं विटा लावायचं बाळालाही करायचं का? आमच्याकडे पाच महिन्यांचं आहे, आई उशी लावून कुशीवर झोपवते. म्हणते उताणं झोपवलं तर दूध घशात जाऊन गुदमरेल.

परिचारिका_काकू · मंगळवार, रात्री १०:५०

नाही! बाळाला उशी नको, विटा नकोत, कुशीवर नको. सपाट, टणक गादी आणि उताणं. उताणं असताना श्वासनलिका वर असते, अन्ननलिका खाली. वर आलेलं दूध खालच्या बाजूला साचतं, ते चढून श्वासनलिकेत जाणं अवघड. पालथं झोपवलं की उलटं होतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी १९९२ साली पालथं झोपवू नका असं सांगितलं आणि पुढच्या दहाएक वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याच्याही खाली आली. आईंना हे हळू समजावून सांग, त्यांची भीती खोटी नाही, फक्त उलटी आहे.

झोळीचंही बोलते. झोळीत बाळाचं अंग धनुष्यासारखं वाकतं, पोट दाबलं जातं. पाजल्या पाजल्या झोळीत घालू नका. वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभं धरा. पाठीवर थोपटायचं, बडवायचं नाही. आणि पोट भरल्यावर लगेच दुपटं बदलायला पाय वर उचलू नका, आधी बदला, मग पाजा.

मलप्रभे, तू कुठं आहेस? एक विचारायचं राहिलं. पाजायला घेतल्यावर पहिल्या मिनिटात बाळ ठसकतं का? गटगट आवाज येतो का?

मलप्रभेची_लेक · शनिवार, दुपारी २:३०

तीन दिवस वीज आणि नेटवर्क दोन्ही नव्हतं. राहिलेलं सगळं आत्ता एका बैठकीत वाचलं. जांबोटीच्या दादांचं वाचून आईलाही वाचून दाखवलं, ती बराच वेळ बोलली नाही.

काकू, अगदी तसंच होतं. पहिल्या मिनिटात ठसका, नाकातून दूध, मग सोडतो, रडतो, पुन्हा घेतो. मला वाटायचं अधाशी आहे. गुरुवारी आशाताई आल्या, त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या पान्हा फार जोरात फुटतोय, पोर गिळता गिळता हवा पण गिळतंय. आता पान्हा फुटला की पहिली धार फडक्यात जाऊ देते, ती ओसरली की त्याला लावते. भिंतीला रेलून, त्याला पोटावर आडवा घेऊन पाजते. एका वेळी एकच बाजू. मध्ये एकदा ढेकर. दूध टाकणं थांबलं नाही, पण काल आठ दुपटी निघाली. टोपलीवर पहिल्यांदाच जागा रिकामी राहिली.

आता वजन. हुक्केरीच्या अक्का, तुम्ही वाचून दिलेला लसीच्या वेळचा आकडा ४ किलो १०० होता. शुक्रवारी अंगणवाडीत गेले. सासूबाई बेळगावहून सकाळच्या बसनं मुद्दाम आल्या होत्या, माझ्या दुधाची परीक्षा बघायला म्हणा. बाळाचं टोपडं, झबलं, काळा मणी बांधलेली करगोटी, सगळं त्यांनीच काढलं, फुकट वजन धरायला नको म्हणून. काटा हलायचा थांबेपर्यंत त्यांनी वाकून डोळा लावून ठेवला होता. ४ किलो ८५०. दोनदा करायला लावलं. मग बाळाला उचलून घेतलं, आणि त्यानं तिथंच त्यांच्या नव्या इरकलीवर दूध टाकलं. काही बोलल्या नाहीत. पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "घरी चल, तुला भाकरी टाकते."

बाटली घेऊन त्या डॉक्टरांकडे गेले होते. औषधवाल्या दादांचाच प्रश्न विचारला. वजन बघून ते म्हणाले, नको देऊ मग.

औषधवाला_अथणी · शनिवार, सायंकाळी ५:००

उत्तम झालं. बाटली न फोडता दुकानात परत करा, घेतील.

गोकाकचा_मामा · शनिवार, सायंकाळी ५:४०

४ किलो ८५०! बहिणीला फोन करून सांगितलं. ती कोण-कुणाची, तरी आनंदानं रडली.

यळ्ळूर_वेस · रविवार, सकाळी ९:२०

नमस्कार, नवीन आहे. सगळं वाचलं. माझी मुलगी चौदा महिन्यांची, अजून दिवसातून तीन-चार वेळा टाकते. भाकरीचा घास घशात अडकल्यासारखा करते, मान एका बाजूला वळवून पाठ ताठ करते. वजन दोन महिन्यांत वाढलं नाही. थांबेल म्हणून वाट बघत होते. अजून थोडी बघू का?

परिचारिका_काकू · रविवार, सकाळी ९:२६

नको. वर्ष उलटलंय, वजन थांबलंय, घास अडकतोय. उद्या सकाळीच बालरोगतज्ज्ञांना दाखव. मान वळवते तेव्हाचा फोनवर व्हिडिओ काढून ने, फिट आहे की पोटाचं हे त्यांना बघून कळेल. ताई कार्ड विसरू नकोस. गेलीस की इथं लिही, मी बघत राहीन.